आधी खर्च, मग कर्ज

मी महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेतला. उमेदीची वर्षं कोषागारात आणि जिल्हा परिषदेत गेली. निवृत्ती टप्प्यात आल्यावर प्रतिनियुक्तीवर जागतिक बँकेच्या कर्जातून चालणाऱ्या एका प्रकल्पाच्या मुंबईतल्या कार्यालयात रुजू झालो. प्रकल्पाचं नाव घेत नाही, कारण तेव्हाचे सहकारी अजून नोकरीत आहेत. अवर्षणप्रवण तालुके, शेततळी, शेडनेट, शेतकरी उत्पादक कंपन्यांची गोदामं असा सगळा पसारा होता, एवढं सांगितलं तरी पुरे. माझ्याकडे हिशोबाचं टेबल होतं.

आदेश निघाला तेव्हा जुन्या कार्यालयात सगळ्यांनी अभिनंदन केलं. "आता काय बुवा, डॉलरमध्ये खेळणार तुम्ही!" प्रत्यक्षात प्रकल्पात असेपर्यंत एक डॉलरही आमच्या कुठल्या खात्यात आला नाही. तो यायचाही नव्हता. "जागतिक बँकेकडून राज्याला इतके हजार कोटी" असा मथळा आपण वाचतो आणि कुठूनतरी नवा पैसा येऊन तिजोरीत पडला असं समजतो. मीही, सरकारी हिशोबात मुरलेला असून, थोडंफार तसंच समजत होतो.

खरी रीत उलटी आहे. आधी राज्याने आपल्या अर्थसंकल्पातून तरतूद करायची, आपल्या कोषागारातून देयक पारित करायचं, शेतकऱ्याच्या किंवा कंत्राटदाराच्या खात्यात रुपये जमा करायचे. मग तिमाही संपली की झालेल्या खर्चाचा अहवाल करून सांगायचं, आम्ही एवढे खर्च केले, करारानुसार यातला तुमचा हिस्सा द्या. अलीकडच्या एका प्रकल्पाचे आकडे जाहीर आहेत म्हणून तोच घेतो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला सगळे पोकरा म्हणतात, त्याला बँकेच्या संचालक मंडळाने फेब्रुवारी 2018 मध्ये 42 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. 15 जिल्हे, पाच हजारांवर गावं. प्रकल्प सुमारे 4000 कोटी रुपयांचा, त्यात बँकेचा हिस्सा 70 टक्के आणि राज्याचा 30 टक्के. म्हणजे शंभर रुपये खर्च झाले की सत्तर मागायचे. पण शंभरच्या शंभर आधी राज्याच्या खिशातून जायला हवेत.

आमच्या प्रकल्पातही याच धर्तीवर काम चालायचं. मागणीची वाट अशी. जिल्ह्याजिल्ह्यांतून खर्चाचे आकडे यायचे, ते आम्ही मुंबईत एकत्र करायचो. त्यातून अंतरिम वित्तीय अहवाल तयार व्हायचा. आमच्यात त्याला सगळे आययूएफआर म्हणायचे. तो बँकेकडे जायचा आणि रक्कम उचलण्याचा अर्ज दिल्लीला, अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागात, सहाय्य लेखा व लेखापरीक्षा नियंत्रकाच्या कार्यालयाकडे. बँकेचं कर्ज कागदोपत्री राज्याला नसतंच. कर्जाचा करार भारत सरकार आणि बँक यांच्यात होतो. राज्य वेगळ्या प्रकल्प करारावर सही करून कामाची हमी देतं. तपासणी झाली की बँक डॉलर सोडते, ते रिझर्व्ह बँकेत भारत सरकारच्या खात्यात जमा होतात, तिथेच त्यांचे रुपये होतात आणि ते केंद्राच्या एकत्रित निधीत जातात. केंद्र ती रक्कम पुढे राज्याच्या तिजोरीत टाकतं. आमच्या प्रकल्पाच्या दारावरून तो पैसा जातसुद्धा नाही. राज्याच्या तिजोरीत तो पोलिसांच्या पगारात मिसळतो, रस्त्यात मिसळतो, आमच्या पुढच्या हप्त्यातही मिसळतो.

पूर्वी केंद्र या रकमेचा काही भाग अनुदान आणि बाकीचं आपल्या दराचं कर्ज म्हणून राज्यांना देत असे. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, एप्रिल 2005 पासून, महाराष्ट्रासारख्या राज्यांना ते जसंच्या तसं दिलं जातं. बँकेचा जो व्याजदर तोच राज्याला, परतफेडीची जी मुदत तीच राज्याला. आणि डॉलर वधारला तर त्याचा भारही राज्यालाच. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना मात्र यातला 90 टक्के हिस्सा अनुदान म्हणून मिळतो. हे मला माहीत होतं, पण नियम म्हणून. तो जाणवायला पुढे एका शेडनेटमध्ये उभं राहावं लागलं. ते पुढे सांगतो.

बँकेजवळ एवढे डॉलर येतात कुठून, हा प्रश्न आमच्या कार्यालयात नव्याने आलेला प्रत्येक जण विचारायचा. अमेरिका देते, असं बहुतेकांचं उत्तर ठरलेलं. आपल्याला कर्ज देणारी आयबीआरडी ही शाखा सभासद देशांच्या भांडवलावर उभी आहे खरी, पण त्या भांडवलातला थोडाच भाग रोख भरलेला असतो. बाकीची हमी. त्या हमीच्या जोरावर बँक 1947 पासून जगाच्या बाजारात रोखे विकते, पत अव्वल असल्यामुळे तिला स्वस्तात पैसे मिळतात, आणि थोडी भर घालून ती ते आपल्याला देते. दर बाजाराशी बांधलेला. पूर्वी लायबॉर या आंतरराष्ट्रीय बाजारातल्या संदर्भ व्याजदरावर, आता त्याच्या जागी आलेल्या सोफरवर. सुरुवातीला पाव टक्का शुल्क. शिवाय जी रक्कम मंजूर आहे पण उचललेली नाही, तिच्यावर वर्षाला पाव टक्का. ही शेवटची अट माझ्या टेबलासाठी महत्त्वाची. काम रेंगाळलं की न घेतलेल्या पैशांवरही आकार भरावा लागतो.

जवळपास बिनव्याजी, लांब मुदतीचं कर्ज देणारी आयडीए ही दुसरी शाखा. ती 1960 मध्ये निघाली. दीर्घकाळ तिचा सर्वांत मोठा लाभार्थी आपला देश होता. किल्लारीच्या भूकंपानंतरचं पुनर्वसन, गावोगावची जलस्वराज्य योजना ही आयडीएच्या पैशांची कामं. 2014 मध्ये भारत त्या यादीतून बाहेर पडला आणि नंतरच्या काही संक्रमणाच्या वर्षांनंतर आता देणाऱ्यांत बसतो. आता आपल्याला मिळतं ते आयबीआरडीचं, जवळपास बाजारभावाचं. भारताने बँकेचं पहिलं कर्ज घेतलं ते 1949 मध्ये, रेल्वेसाठी, 3 कोटी 40 लाख डॉलर.

मी रुजू झालो तेव्हा प्रकल्प तयारीच्या शेवटच्या टप्प्यात होता, त्यामुळे वाटाघाटींना बसायला मिळालं. दिल्लीत नॉर्थ ब्लॉकमध्ये एका लांब टेबलाच्या एका बाजूला आर्थिक व्यवहार विभागाचे अधिकारी आणि आम्ही, दुसऱ्या बाजूला बँकेचे लोक. तेही बहुतेक भारतीयच, लोधी इस्टेटच्या कार्यालयातले. माझ्या डोक्यात वाटाघाटी म्हणजे व्याजदराची घासाघीस. व्याजदर तर बँकेच्या ठरलेल्या सूत्राने लागतो, त्यावर चकार शब्द निघाला नाही. वेळ गेला तो शब्दांवर. अमुक सल्लागार नेमल्याशिवाय पैसे सोडणार नाही, की अमुक महिन्यांत नेमू असं वचन चालेल? प्रकल्प संचालकाची बदली झाली तर बँकेला नुसतं कळवायचं, की आधी विचारायचं? प्रशासकीय विभागाचे आमचे सचिव इथे फार शांतपणे लढले. "पद रिकामं ठेवणार नाही एवढं लिहून देतो, माणूस कोण ते आमचं आम्ही बघू." तेच वाक्य थोड्या सभ्य इंग्रजीत करारात गेलं. शेवटी दोन्ही बाजूंनी पानोपान आद्याक्षरं टाकली. पुढे बँकेच्या संचालक मंडळाची मंजुरी येते. तिथे 25 कार्यकारी संचालक बसतात आणि आपला संचालक बांगलादेश, भूतान आणि श्रीलंकेचंही प्रतिनिधित्व करतो. पण एवढ्या दूर जाईपर्यंत कागद इतका घोटलेला असतो की तिथे अडकणं विरळा.

त्याआधीचा काळ लोकांच्या हिशोबात येतच नाही. विभागाने प्राथमिक प्रकल्प अहवाल करायचा, तो राज्याच्या नियोजन आणि वित्त विभागांतून दिल्लीला, तिथल्या छाननी समितीने पसंत केला तर केंद्र तो बँकेपुढे ठेवणार. राज्य थेट बँकेचं दार ठोठावू शकत नाही. मग बँकेची पथकं येणार, सामाजिक आणि पर्यावरणीय अभ्यास होणार, त्यांचे मसुदे मराठीत करून लोकांपुढे ठेवले जाणार, गावांत बैठका होणार. यात दोन वर्षं सहज जातात. कर्जाची सही होण्याआधीच्या बारा महिन्यांतला काही खर्च, कर्जाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत, नंतर मागता येतो. पण बँकेच्या पद्धतीने केला असेल तरच. आमच्याकडे सुरुवातीला घाईघाईने झालेल्या काही खरेद्या या चाळणीतून गळाल्या.

आता माझं खरं दुखणं सांगतो. कोषागाराच्या भाषेत पैसा तिजोरीतून बाहेर पडला की खर्च. बीम्सवर, म्हणजे राज्याच्या अर्थसंकल्पी निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर, तरतूद आली, संवितरण अधिकाऱ्याने देयक काढलं, कोषागाराने पारित केलं, झालं. आयुष्यभर मी असाच हिशोब ठेवला होता आणि 31 मार्चच्या रात्री बारापर्यंत कोषागारात बसून पारित करूनही दिला होता. बँकेला हा खर्च मान्य नाही. एखाद्या संस्थेला दिलेला निधी ही तिच्या लेखी नुसती उचल. त्या संस्थेने काम करून देयक चुकतं केलं की खर्च. शेतकऱ्याच्या अनुदानाचंही तसंच. आमच्या नोंदीत खर्च, पण रक्कम त्याच्या आधार जोडलेल्या खात्यात खरोखर जमा झाली का?

नाही झाली, असं पुष्कळदा निघायचं. खातं बंद पडलेलं, आधारची जोडणी भलत्याच बँकेला गेलेली, खातेदार मरण पावलेला. पैसे परत यायचे आणि मधल्या खात्यात पडून राहायचे. कोषागाराच्या पुस्तकात मात्र ते केव्हाच खर्ची पडलेले. दर तिमाहीला हे दोन आकडे जुळवायचे, म्हणजे कोषागाराचा आकडा वजा उचल, वजा परत आलेले व्यवहार, वजा अपात्र खर्च, अधिक मागच्या तिमाहीतली उचल जी या तिमाहीत समायोजित झाली. ही बेरीज-वजाबाकी म्हणजे माझी प्रतिनियुक्ती.

एका जिल्ह्याचे आकडे तीन तिमाह्या जुळत नव्हते. तिथला लेखाधिकारी तरुण, हुशार, पण वैतागलेला. फोनवर म्हणाला, "साहेब, महालेखापालांना हा आकडा चालतो, वित्त विभागाला चालतो. या बँकेलाच काय धाड भरलीय?"

मी म्हटलं, "अहो, परत आलेल्या व्यवहारांची यादी द्या फक्त."

"यादी बँकेत आहे. आपल्या बँकेत, त्यांच्या नाही."

यादी आली तेव्हा तिच्यात काही नावं दोन-दोनदा होती. एकाच शेतकऱ्याला दोनदा पैसे पाठवले गेले होते आणि दोन्ही वेळा परत आले होते, कारण खातं मुळातच बंद. तिसऱ्या वेळी कोणी त्याच्याकडे जाऊन विचारलंच नव्हतं. गावातल्या कृषी सहायकाने जाऊन पाहिलं. शेततळं खोदलेलं, अस्तरीकरण झालेलं, छायाचित्र अपलोड झालेलं, आणि माणूस सावकाराचं व्याज भरतोय, कारण आमच्या नियमाप्रमाणे काम आधी त्याने स्वतःच्या पैशांनी करायचं होतं. बँक राज्याला जे सांगते तेच राज्य शेतकऱ्याला सांगतं, आधी खर्च कर मग माग. फरक एवढाच की राज्याला रिझर्व्ह बँकेकडून उचल मिळते आणि त्याला सावकाराकडून. पुढे आम्ही परत आलेल्या व्यवहारांची यादी दर आठवड्याला तालुक्याला पाठवायला सुरुवात केली. ही सूचना बँकेच्या वित्तीय तज्ज्ञ बाईंची होती, हे कबूल केलं पाहिजे. आपल्या यंत्रणेत तो आकडा कोणाच्याच रकान्यात नव्हता, म्हणून कोणी विचारत नव्हतं.

खरेदीबद्दल थोडक्यात. बँकेची खरेदी नियमावली जुलै 2016 पासून नवी आहे, राज्याची खरेदी पुस्तिका 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाची. दोन्ही वाचल्या तर तत्त्वं फारशी वेगळी नाहीत. अडचण सवयीची. सल्लागार नेमताना बँकेच्या पद्धतीत गुणांना जास्त वजन आणि किमतीला कमी. आपल्याकडे एल-वन, म्हणजे सर्वांत कमी किमतीची निविदा, ही देववाणी. आमच्या एका निवडीत जास्त किमतीची पण सरस संस्था पुढे आली आणि नस्ती एका विभागात जाऊन अडकली. शेरा एका ओळीचा: "न्यूनतम निविदाधारकास काम का दिले नाही?" त्या ओळीचं उत्तर द्यायला तीन पानं आणि बरेच महिने लागले. बँकेच्या बाजूलाही सगळं लोण्यासारखं नव्हतं. मोठ्या प्रत्येक टप्प्यावर त्यांच्या 'स्टेप' नावाच्या प्रणालीवर कागद चढवायचे आणि ना हरकतीची वाट पाहायची. ना हरकत येते ती बहुधा चार प्रश्न घेऊन, आणि उत्तर दिलं की त्यातून पाचवा निघतो. दरम्यान निविदेची वैधता संपत आलेली असते. छोट्या खरेद्या नंतर तपासल्या जातात, त्या सुटसुटीत. पण तिथे चूक सापडली तर तेवढी रक्कम अपात्र ठरते आणि पुढच्या मागणीतून कापली जाते. कापलेला पैसा राज्याने सोसायचा.

वर्षातून साधारण दोनदा बँकेचं पथक यायचं. याला सगळे मिशनच म्हणतात. शेती, पाणी, पर्यावरण, सामाजिक बाबी, खरेदी, वित्त असे एकेक तज्ज्ञ, आणि त्यांचा प्रमुख टास्क टीम लीडर. आधीचे पंधरा दिवस कार्यालयात लग्नघर. गावभेटी कुठे न्यायच्या यावर खल व्हायचा; चांगली गावं ठरलेली असायची. पथकाला हे ठाऊक असायचं. म्हणून सामाजिक तज्ज्ञ हमखास ऐनवेळी रस्त्यात गाडी थांबवून म्हणायच्या, "इस गाँव में चलते हैं." मला स्वतःला ती यादीबाहेरची गावंच जास्त शिकवून गेली.

अशाच एका गावात शेडनेटमध्ये उभे होतो. आत ढोबळी मिरची. बाई साठीच्या, अनुदान त्यांच्या नावावर, पाहुण्यांना चहा देऊन झालेला. पथकातल्या एकाने दुभाष्यामार्फत विचारलं की उत्पन्न वाढलं का. बाईंनी त्याचं उत्तर दिलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सायेब, हे कर्ज हाये म्हणतात. मला तर सबसिडी दिली, परत द्यायची नाही म्हणाले. मग हे फेडणार कोण?"

"सरकार फेडणार, मावशी."

"म्हंजी आमीच की."

पथकाला याचं भाषांतर करून सांगितलं तेव्हा सगळे हसले आणि पुढे निघाले. मी संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी कागदावर मांडून पाहिलं. पोकराचंच उदाहरण घ्या. 2018 च्या सुरुवातीला डॉलर 65 रुपयांच्या आसपास होता, तेव्हा 42 कोटी डॉलर म्हणजे सुमारे 2730 कोटी रुपये. 2024 मध्ये डॉलर 83 च्या घरात. तेच डॉलर 3486 कोटींचे झाले. हप्त्याहप्त्याने उचललेल्या प्रत्येक डॉलरला त्या दिवशीचा दर मिळतो, पण परतफेड होते ती फेडण्याच्या दिवशीच्या दराने, आणि ती पुढची कित्येक वर्षं चालते. 65 ने घेतलेला डॉलर 83 ने किंवा त्याहून वर फेडायचा. सोफरवरचा दर कमी दिसतो खरा, पण त्यात ही घसरण मिळवली की राज्याच्या स्वतःच्या रोख्यांच्या दराशी फारसं अंतर उरत नाही. मावशींना हे आकडे सांगितले असते तर त्या म्हणाल्या असत्या, मग घेताच कशाला?

या प्रश्नाचं माझं उत्तर काही साहेबांना आवडत नाही. रकमेसाठी महाराष्ट्राला हे कर्ज घ्यायची गरज नाही. राज्याचा अर्थसंकल्प काही लाख कोटींचा; सहा वर्षांत पसरलेले 2800 कोटी त्यात दिसतही नाहीत. घेतलं जातं ते बांधून घेण्यासाठी. एकदा करार झाला की प्रकल्पाची तरतूद मार्चमध्ये दुसरीकडे वळवणं अवघड होतं. गावांची यादी आमदारांच्या पत्राने बदलत नाही, कारण निवडीचे निकष बँकेच्या कागदात छापलेले असतात. मी स्वतः किती वेळा फोनवर म्हटलंय, "साहेब, माझी काही हरकत नाही, पण बँक परवानगी देणार नाही." निम्म्या वेळा बँकेला विचारलेलंही नसायचं. सचोटीने काम करू पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातातली ही ढाल आहे, आणि त्यासाठी आपण पाव टक्के, पाव टक्के करत मोल मोजतो. आपल्याच विधिमंडळाने मंजूर केलेल्या पैशांची राखण करायला बाहेरचा माणूस लागावा, हे मला अजूनही पटत नाही. पण तो असला की राखण होते, हेही मी पाहिलं आहे.

पथक जाताना समारोपाच्या बैठकीत एक निवेदन ठेवतं. त्यात प्रगती, ठरलेल्या तारखा, कोणी काय करायचं, आणि शेवटी गुणांकन. 'समाधानकारक'च्या एक पायरी खाली एक श्रेणी असते, आमचा मुक्काम बराच काळ तिथेच. त्या पायरीवरून खाली घसरू नये म्हणून सचिवांच्या दालनात जे काही चालायचं ते सगळं लिहिण्याजोगं नाही. श्रेणी घसरली की दिल्लीतून पत्र येतं, दिल्लीचं पत्र आलं की मुख्य सचिव विचारतात. पैशांची कपात झाली तरी एवढी धावपळ कधी झाली नाही.

सामाजिक तज्ज्ञ एवढ्या खोलात का जातात, याचं उत्तरही आपल्याच राज्यात आहे. सरदार सरोवरासाठी बँकेने 1985 मध्ये 45 कोटी डॉलर दिले. नर्मदाकाठच्या, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली आपली 33 गावं त्यात बुडणार होती. मणिबेली त्यांतलं पहिलं. आंदोलन उभं राहिलं, बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने 1992 मध्ये पुनर्वसनावर कडक ताशेरे ओढले, आणि मार्च 1993 मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने तपासणी मंडळ स्थापलं. बाधित लोक आपल्या सरकारला वळसा घालून थेट त्या मंडळाकडे तक्रार करू शकतात. मुंबईकरांनी ती केलीही. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात हटवल्या गेलेल्या कुर्ला भागातल्या दुकानदारांच्या आणि रहिवाशांच्या अर्जांवर मंडळाने चौकशी केली आणि मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचे पैसे थांबवले. जूनमध्ये ते पुन्हा सुरू झाले. आमच्याकडे कोणाचं घर हलणार नव्हतं, तरीही प्रत्येक गोदामाच्या जागेचा सातबारा, दान दिली असेल तर राजीखुशीचा जबाब, जवळ कोणाची वहिवाट आहे का याचा पंचनामा असं सगळं लागायचं. तालुक्याची माणसं कुरकुरायची. मणिबेलीचं नाव त्यांतल्या निम्म्यांनी ऐकलेलं नव्हतं.

बँकेच्या पद्धतीतली एक गोष्ट मात्र मला कधी पटली नाही. प्रकल्पासाठी वेगळं कार्यालय, कंत्राटी तज्ज्ञ, वेगळी प्रणाली. ही माणसं तरुण, चपळ, आणि पाच-सहा वर्षांत आमच्यापेक्षा गावं जास्त ओळखायला लागलेली. मूळ खात्यातले लोक त्यांच्याकडे पाहुणे म्हणून पाहायचे. कर्जाची अंतिम तारीख आली की त्यांचे करार संपतात. जे शिकलं गेलं ते त्यांच्या डोक्यात असतं, खात्याच्या नाही. अलीकडे बँकच दुसऱ्या धर्तीचं कर्ज देते, ज्यात देयकांऐवजी निकाल मोजतात. ठरलेलं काम झालं की ठरलेली रक्कम. जलस्वराज्यचा दुसरा टप्पा 2014 मध्ये या रीतीने मंजूर झाला, पुढे अटल भूजल योजनाही. त्यात खात्याचीच यंत्रणा वापरतात. लेखाधिकाऱ्याच्या दृष्टीने ते सुखाचं, पण निकाल झाला की नाही हे ठरवणारा तिसरा पक्ष नेमावा लागतो, आणि तिथेही खरेदी आलीच.

प्रकल्प बंद होताना शेवटच्या तारखेपर्यंत झालेला खर्च पुढे चार महिने मागता येतो. ते चार महिने मी पूर्ण भरले. रुपया घसरल्यामुळे प्रकल्पाचे रुपये पुरे झाले तरी काही डॉलर शिल्लक होते. ते रद्द झाले, ज्यांच्यावर आम्ही एवढी वर्षं पाव टक्का भरत होतो. महालेखापालांचं शेवटचं लेखापरीक्षण आर्थिक वर्षानंतर नऊ महिन्यांत बँकेला द्यायचं, तेही वेळेत गेलं. उरला तो मालमत्तेचा प्रश्न. जिल्हा कार्यालयांतले संगणक, छपाईयंत्रं, टेबलं कोणत्या खात्याच्या जडसंग्रह नोंदवहीत घ्यायची यावर आमचा आणि मूळ खात्याचा पत्रव्यवहार सुरू झाला. मी निवृत्त झालो तेव्हा तो चालू होता. मध्यंतरी जुना सहकारी भेटला, म्हणाला, पुढच्या टप्प्याचा प्राथमिक अहवाल दिल्लीला गेलाय, आणि त्यात नव्या संगणकांची मागणी आहे.